पहिला संशय कोणावर?

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकखरेदीची बैठक यंदा दोनदा मोडली, आणि दोन्ही वेळा रहस्यकादंबऱ्यांवरून. वाचनालय ‘ड’ वर्गातलं. अनुदानातून वीजबिल, वर्तमानपत्रं आणि ग्रंथपालाचं मानधन वजा जाता पुस्तकांना उरतं ते थोडकंच, म्हणून यादीतल्या एकेका नावावर खल होतो. एका बाजूचं म्हणणं, सरकारच्या पैशातून खून-दरोड्याच्या गोष्टी कशाला घ्यायच्या? त्यात वाङ्मय कुठे आहे? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, ती निदान हे तरी वाचतात. वाचू द्या, उद्या याच वाटेनं चांगल्या पुस्तकांकडे येतील. दोन्हीकडची माणसं पुस्तकांवर जीव लावणारी आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण वाद ज्या रीतीनं चालला आहे ती मला पटत नाही, कारण भांडता भांडता दोघांचंही एका गोष्टीवर एकमत झालेलं आहे: रहस्यकादंबरी हलकी असते. एकाला ती हलकी म्हणून नको, दुसऱ्याला हलकी असली तरी चालते. अमुक एक कादंबरी बरी की वाईट, आणि ते कशावरून ठरवायचं, हे पुस्तक उघडून विचारायला कोणीच तयार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रहस्यकादंबरी वाचणाऱ्याला संशय घ्यायला शिकवते. कोणावर घ्यायचा, कोणत्या खुणेवरून घ्यायचा आणि चुकीचा निघाला तर मागे कसा घ्यायचा, याची ती तालीम असते. संशय हे खेड्यात रोज वापरात असलेलं हत्यार आहे. विहिरीवरची मोटर गेली, गंजीला आग लागली, पोरगी घरातून निघून गेली, की अर्ध्या तासात कोणाचं तरी नाव तोंडोतोंडी होतं. ज्या पुस्तकांतून ही सवय घडते किंवा बिघडते, ती टाइमपास म्हणून सोडून देणं आपल्याला परवडणार नाही. ती कपाटाबाहेर ठेवणं मला चूक वाटतं, आणि न तपासता आत घेणंही तितकंच चूक वाटतं.

तपासणीची आपल्याला सवयच नाही. बाबुराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक या दोघांनी प्रत्येकी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. आमच्या कपाटात त्या काळच्या सत्तर-ऐंशी प्रती अजून आहेत. बहुतेकींना सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर आणि पाठीला दाभणानं घातलेली शिवण. एकीच्या चाळिसाव्या पानावर कोणी तरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं आहे आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘चूक’ असं लिहिलं आहे. जुनी देवघेवीची वही पाहिली तर सालदार, शिंपी, एसटीचे वाहक, सातवी-आठवीतली मुलं, सगळे या प्रतींच्या वाटेनं गेलेले दिसतात. एवढा वाचक ज्या लेखनाला मिळाला, त्याबद्दल आपण काय बोलतो? उशाशी कंदील होता, एका रात्रीत संपवली, घरच्यांनी मार दिला. हे प्रेम खरं आहे आणि माझ्याही वाट्याला ते आलं आहे. पण आठवण म्हणजे पारख नव्हे. ‘खिळवून ठेवते’ या शेऱ्यातून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. चांगला कीर्तनकार खिळवून ठेवतो आणि गावातली अफवाही खिळवून ठेवते.

पारख कशी करायची याचा पहिला धडा मला आमच्या निवृत्त कोतवालांनी दिला. गावात त्यांना सगळे काकाजी म्हणतात. ठाणेदार येऊन पंचनामा होईपर्यंत मुडदा राखायचं काम कोतवालाचं, त्यामुळे नोकरीत त्यांनी कित्येक रात्री प्रेताजवळ कंबल पांघरून काढल्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना विदर्भातल्या खेड्यात घडणारी एक नवी कादंबरी वाचायला दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती परत आणली, मधल्या एका पानात खुणेला तुरीची काडी घातलेली. म्हणाले, ‘‘गुरुजी, यानं वैशाखात मुडदा पऱ्हाटीत लपवला. वैशाखात उभी पऱ्हाटी कुठून आणली जी? वावरं तं नांगरून पडली राह्यतात.’’ पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं पीक. मी म्हटलं, काकाजी, लहानशी चूक आहे. त्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. ‘‘लहान कशी? पऱ्हाटी नाही तं मुडदा धुऱ्यावरूनच दिसते. दिसते तं दोन दिवस पडून राहत नाही. अन् दोन दिवस पडून नाही राह्यला तं हे सारी गोष्टच होत नाही.’’

त्यांचं हे बोलणं मी अनेक दिवस मनात घोळवत होतो. दुसऱ्या कुठल्या कादंबरीत ऋतू चुकला तर वर्णनाला डाग पडतो, गोष्ट चालू राहते. रहस्यकादंबरीत मात्र जागा हाच पुरावा असतो. धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठून कुठे जातो, त्या रात्री रानडुकरांच्या भीतीनं जागलीला कोण होतं, श्रावणात पांदणीतून बैलबंडी निघते का, विहिरीचं पाणी त्या महिन्यात किती खाली असतं, यातली एक गोष्ट लेखकाला माहीत नसली तर त्याचा खुनी सुटतो किंवा निर्दोष माणूस अडकतो. म्हणजे या प्रकारात तपशिलाचा खरेपणा ही शोभेची बाब राहत नाही, कथानक त्याच्यावर उभं असतं. इतकी कडक अट आपण सामाजिक कादंबरीलाही घालत नाही. मग जो प्रकार लेखकाकडून एवढी मेहनत मागतो त्याला हलका कोणत्या हिशेबानं म्हणायचं?

काकाजींच्या अनुभवातून दुसरीही एक गोष्ट निघते. शहरातल्या रहस्यकथेची मांडणी अनोळखीपणावर उभी असते. शेजारी कोण राहतो ते ठाऊक नाही, म्हणून ‘कोणी केलं’ हे कोडं. खेड्यात असं क्वचितच होतं. संध्याकाळी खून झाला तर सकाळी चहाच्या टपरीवर नाव माहीत असतं. कोडं त्याच्या पुढे सुरू होतं, बयाण देणार कोण? ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याचा धुरा आपल्या धुऱ्याला लागून आहे, उन्हाळ्यात त्याच्याच विहिरीवरून आपल्या बैलांना पाणी मिळतं, आणि बहिणीचं स्थळ त्याच्याच नात्यात जुळत आलेलं आहे. कोर्टात पंच फितूर होतात तेव्हा दर वेळी पैसा चारलेला नसतो. पुष्कळदा त्यांना उरलेलं आयुष्य त्याच गावात काढायचं असतं, एवढंच कारण असतं. हे न ओळखता आमच्याकडचे लेखक शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना वाड्याच्या बैठकीत बसवून तपास अधिकाऱ्याकडून खुन्याचं नाव जाहीर करतात. गावाला ते नाव पहिल्याच दिवशी ठाऊक होतं! विदर्भातल्या खेड्याची रहस्यकादंबरी हातात आली की मी पाहतो ते हे: कोण बोललं नाही, आणि का बोललं नाही, हे लेखकाला कळलंय का?

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येतो. सगळ्यात जुना मुद्दा असा की खुनी कळला की पुस्तक संपलं, आणि जे एकदाच वाचता येतं ते साहित्य कसलं? वाईट रहस्यकादंबरीबाबत हे शंभर टक्के खरं आहे. पण मृच्छकटिक आठवून पाहा. शूद्रकाच्या त्या नाटकात शकार वसंतसेनेचा गळा दाबतो ते प्रेक्षक आठव्या अंकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, आणि ती वाचली आहे हेही त्याला कळतं. लपवलेलं काहीच नाही. तरी नवव्या अंकात तिचा प्रियकर चारुदत्त याच्यावर खुनाचा आळ येतो तेव्हा न्यायालयात जीव टांगणीला लागतो, कारण तिथे पुरावा कसा तयार होतो ते दिसतं. वीरक या नगररक्षकाला बागेत पाहणीला पाठवतात. तो येऊन सांगतो की तिथे एका स्त्रीचं प्रेत श्वापदं खात आहेत. प्रेत असतं, स्त्रीचंच असतं, फक्त ती वसंतसेना नसते. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून दागिने खाली पडतात. दागिने तिचेच असतात. एकेक गोष्ट खरी आणि निष्कर्ष खोटा! त्यात शकार राजाचा मेहुणा. न्यायाधीशाला पदावरून दूर करवीन अशी धमकी तो आधीच देऊन बसलेला. साक्ष, पुरावा आणि सत्ता यांचा असा गुंता आपल्या परंपरेत हजार वर्षांहून जुना आहे, आणि देवलांनी तो संगीत नाटकातून मराठी रंगभूमीवर आणला तेव्हा शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकांनीही तो पुन्हा पुन्हा पाहिला. दुसऱ्या वाचनात कादंबरी टिकते का, ही कसोटी मला मान्य आहे. ती लावा म्हणजे झालं.

साचेबंदपणाच्या आक्षेपावर मी फार थांबणार नाही. ओवीलाही साचा असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला एक असा की तपास करणाऱ्याच्या हाती लागलेली खूण वाचकालाही तिथल्या तिथे दाखवली पाहिजे. या नियमामागे वाचकाबद्दलचा आदर आहे, आणि तो पाळून चांगलं लिहिणं सोपं नाही.

कबुलीजबाबाचं मात्र सविस्तर बोलायला हवं. आपल्याकडच्या किती तरी कादंबऱ्या पोलीस ठाण्यात संपतात. साहेब टेबलावर मूठ आपटतात, एखादी कानफटात बसते, आरोपी घडाघडा बोलतो, आणि समाप्त. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात सिद्ध करता येत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही ते कायम आहे. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, म्हणजे आरोपीनं सांगितलेल्या जागेवरून कुऱ्हाड निघाली, तर त्या शोधापुरता भाग तेवढा पुराव्यात येतो. मला कोणी म्हणेल की कादंबरी म्हणजे कायद्याचं पुस्तक नव्हे. बरोबर आहे. पण हे कलम कशासाठी आलं? मार देऊन वदवून घेतलेलं खोटं असू शकतं, हे जुन्या अनुभवानं शिकवलं म्हणून आलं. ज्या लेखकाचं रहस्य एका कानफटात सुटतं, तो दीडशे वर्षांपूर्वी कायद्यानंच नाकारलेली गोष्ट वाचकाच्या मनात पुन्हा रुजवतो, आणि वर स्वतःचं कामही टाळतो. पुरावा गोळा करायचा कंटाळा तपास अधिकाऱ्याला आला तर त्याला आपण नावं ठेवतो. लेखकाला का ठेवू नयेत?

इथे मला बुलडाण्याचा एक जुना अधिकारी आठवतो. 1857 च्या धामधुमीत बुलडाणा जिल्ह्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर याच्याकडे होता. त्याआधी 1839 मध्ये त्यानं लिहिलेली ठगाच्या कबुलीजबाबाची इंग्रजी कादंबरी इंग्लंडात खूप गाजली होती. ती अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या तोंडानं सांगतो, आणि अमीर अली माफीचा साक्षीदार आहे. बोलत राहिला तर जीव वाचतो, अशा माणसाचं बोलणं किती खरं धरायचं? त्या कादंबरीच्या वाचकांनी हा प्रश्न मनाशी विचारायला हवा होता, कारण प्रत्यक्षातले ठगांचे खटलेही मोठ्या प्रमाणावर अशाच माफीच्या साक्षीदारांवर चालले. 1836 च्या कायद्यानं ठगांच्या टोळीत असणं एवढ्यावर जन्मठेप देता येऊ लागली. 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या. 31 ऑगस्ट 1952 ला त्या विमुक्त झाल्या, पण आमच्या भागात आजही चोरी झाली की पहिलं बोट पारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, जातं. कादंबऱ्यांनी कायदा घडवला असं मी म्हणत नाही. कायदा आणि कादंबरी एकाच संशयावर पोसल्या गेल्या, एवढं मात्र स्पष्ट दिसतं.

आणि तो संशय अजून छापला जातो. वाचनालयात आम्ही एक वही ठेवली आहे. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्यानं दोन ओळी लिहाव्यात. बारावीतल्या एका मुलीनं एका कादंबरीबद्दल लिहिलं आहे: ‘पान 63 वर पारध्याच्या पोराला पोलीस उचलून नेतात. खुनी दुसराच निघाला. पण तो पोरगा घरी आला का, हे लेखकाने लिहिलेच नाही.’ मी ते पुस्तक वाचलं होतं आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. लेखकानं त्या पोराला वाचकाची दिशाभूल करायला आणलं, काम झाल्यावर सोडून दिलं, आणि मीही सोडून दिलं. चुकीच्या संशयाची किंमत कोणी तरी मोजतो. चांगली रहस्यकादंबरी ती मोजणाऱ्याला विसरत नाही. त्या मुलीच्या दोन ओळींत जी पारख आहे ती आमच्या दोन बैठकांतल्या तासन्‌तासांच्या भाषणांत नव्हती.

एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि तो बैठकीत आमच्या अंगणवाडीताईंनी घेतला होता. या पुस्तकांत पहिल्या पानावर बाईचं प्रेत असतं, आणि ते कसं पडलं होतं, अंगावर काय होतं, याचं वर्णन लेखक ज्या चवीनं करतो ते आपल्या मुलींनी का वाचावं? याला उत्तर नाही. अशी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि ती घेऊ नयेत. पण ताईंचा हा आक्षेप घ्यायला पुस्तक वाचावं लागलं, पान दाखवावं लागलं. खुनाच्या गोष्टी म्हणून सगळी यादी सरसकट कापणाऱ्यांनी हे कष्ट घेतलेले नाहीत. मेलेली बाई कोण होती, सकाळी उठून काय करायची, तिच्यावाचून कोणाचं अडलं, हे जर कादंबरी सांगत असेल, तर ती तिच्या बाजूनं उभी राहते. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला आणि फाइल बंद झाली अशा बायकांची नावं प्रत्येक गावात असतात. त्यांच्याबद्दल कोणी शोध घेत लिहिलं, तर ताईच ते पुस्तक आधी मागतील.

सगळ्यात वजनदार मुद्दा एका तरुण शेतकऱ्यानं मांडला. तो म्हणाला, आमच्याकडे माणसं मरतात ती कर्जानं, फवारणीनं. तिथे खुनी कोण? रहस्यकादंबरी एका माणसाला दोषी ठरवते, बाकीच्यांना मोकळं करते आणि वाचक शांत झोपतो. हा मुद्दा ऐकून बैठकीत कोणी बोललं नाही. 2017 च्या पावसाळ्यात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली. एकाच माणसाकडे बोट दाखवून ते प्रकरण सुटण्यातलं नव्हतं. पण ते उलगडायचं तर कोणते प्रश्न विचारावे लागले असते? पंपात काय होतं, दोन औषधं एकत्र करायला कोणी सांगितलं, ती कोणत्या दुकानातून आली, हातमोजे-मास्क का नव्हते, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली तेव्हा वारा कुठून होता, दवाखान्यात पोहोचायला किती तास गेले. हे सगळे प्रश्न तपासाचे आहेत. रहस्यकादंबरीचं बळ या विचारण्यात आहे. शेवटी एकच नाव निघालं पाहिजे अशी सक्ती तिच्यावर कोणी केलेली नाही. दोष दहा जणांत वाटला गेलेला दाखवून संपणारी कादंबरी लिहिता येते, आणि ती वाचून कोणी शांत झोपणार नाही. अशी कादंबरी आमच्या भागातून अजून माझ्या हाती आलेली नाही, हे खरं. ती लिहिली जावी असं मला मनापासून वाटतं, आणि वाचनालयाच्या कपाटात या प्रकाराला जागाच नसेल तर ती लिहिणार कोण?

शेवटी जे म्हणतात की हे सगळं परकं आहे, विलायतेतून आलेलं आहे, त्यांना मी रिद्धपूरला नेईन. अमरावती जिल्ह्यातल्या या गावाशी मराठी गद्याचा आरंभ जोडलेला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या कशा? ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन, एकेकाला विचारून. लीळाचरित्राच्या परंपरेत एकाच प्रसंगाबद्दल आठवणी वेगळ्या पडल्या तर ते पाठभेदही नावानिशी जपले गेले. गुन्ह्याशी त्या ग्रंथाचा काही संबंध नाही, आणि ओढूनताणून जोडायचाही नाही. पण साक्षीदाराला विचारणं, दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवणं, स्वतःच्या सोयीनं एक पुसून न टाकणं, ही शिस्त मराठी गद्याला अगदी सुरुवातीपासून ठाऊक आहे. तपासाच्या कादंबरीला हीच शिस्त लागते. तिला परकं कसं म्हणायचं?

येत्या रविवारी तिसरी बैठक आहे. यादीत रहस्यकादंबऱ्या अकरा आहेत. त्यातल्या चार मी या महिन्यात मिळवून वाचल्या. दोन घ्या असं सांगणार आहे. तिसरी नको म्हणेन. तिच्यात पोलीस ठाण्यातल्या मारावर गुन्हा सुटतो आणि मेलेल्या बाईचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, ती पानं मी खूण घालून सोबत नेणार आहे. चौथीबद्दल माझं मत होत नाही. तिच्यात कोजागिरीच्या आसपासची रात्र आहे, सोयाबीन सोंगून पडलेलं आहे आणि मळणीयंत्राच्या आवाजात किंकाळी ऐकू आली नाही असं तीन साक्षीदार सांगतात. ती मी काल काकाजींकडे दिली.